थेट तहसीलदार? वीरधवल खाडे आणि एका शतांश सेकंदाची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोललेलंच आहे, फक्त अडखळलेलं तेवढं काढून टाकलंय.

आजचा विषय एका प्रश्नावरून सुचला. मागं एकदा आपल्या गावातल्या एका अभ्यासिकेत गेलो होतो. तुम्हाला माहितीये तिथलं वातावरण. पत्र्याचं छत, डोक्यावर घरघरणारा पंखा, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा, आणि प्रत्येक टेबलावर राज्यसेवेच्या पुस्तकांची चळत. चहाला बाहेर आलो, तेव्हा एक पोरगा म्हणाला, "दादा, तुम्ही इतिहासाचं सांगता ना, मग एक सांगा. तो पोहणारा खाडे आहे बगा, त्याला परीक्षा न देताच डायरेक्ट तहसीलदार केलं म्हणं. आम्ही इथं पाच वर्षं झाली घासायलोत."

सगळे हसले. मीही हसलो. पण त्याच्या बोलण्यात राग होता, आणि तो राग खोटा नव्हता. पूर्व, मुख्य, मुलाखत, मग निकाल लांबला, मग कोर्टात केस. या चक्रात ज्याची पाच वर्षं गेली, त्याला 'थेट नियुक्ती' हे दोन शब्द टोचणारच.

घरी आलो आणि वीरधवल खाडेची पूर्ण कारकीर्द काढून बसलो. आधी वाटलं होतं दहा मिनिटांचं काम आहे. रात्र गेली. कारण ही नुसती एका जलतरणपटूची गोष्ट नाही. आपल्या राज्यात मेडल आणि सरकारी नोकरी यांचं जे जुनं नातं आहे, त्याचीही ही गोष्ट आहे.

कोल्हापूर ते बीजिंग

आपल्याकडं पोहणं म्हणजे काय? विहीर, नाही तर गोदावरी. पाठीला डबा बांधायचा, काका नाही तर मोठा भाऊ वरून ढकलून द्यायचा, दोन-चार घोट पाणी पोटात गेलं की आपोआप हातपाय हलायला लागायचे. एकदा जमलं की मग सूर मारायचा, मुटका मारायचा, उताणं पडून आभाळ बघत तरंगायचं. घड्याळ लावून पोहायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

शर्यतीचं पोहणं मात्र सगळं घड्याळावरच चालतं. त्यात चार प्रकार. फ्रीस्टाइल, म्हणजे सगळ्यात वेगवान. पाठीवर पडून पोहायचा बॅकस्ट्रोक. बेडकासारखे पाय मारायचा ब्रेस्टस्ट्रोक. आणि दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर काढून पुढं फेकायचा बटरफ्लाय. मोठ्या स्पर्धांचा तलाव ५० मीटर लांब असतो. म्हणजे ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये एकदाच जायचं, वळायचंच नाही. उडी मारायची आणि समोरच्या भिंतीला हात लावायचा. सगळा खेळ बावीस-तेवीस सेकंदांचा.

या बावीस-तेवीस सेकंदांत भारतात वर्षानुवर्षं सगळ्यात पुढं असलेला माणूस म्हणजे वीरधवल. जन्म २९ ऑगस्ट १९९१, कोल्हापूर. पुढं तो बंगळूरला गेला, निहार अमीन या प्रशिक्षकांकडं. भारतीय जलतरणात तेव्हा बंगळूरला पर्याय नव्हता, आजही फारसा नाही.

२००८ साली तो बीजिंग ऑलिंपिकला गेला. भारताचे चार जलतरणपटू होते तेव्हा: वीरधवल, संदीप सेजवाल, रेहान पोंचा आणि अंकुर पोसेरिया. वीरधवलच्या नावावर तीन शर्यती होत्या, ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइल. १०० मीटरमध्ये तो ५०.०७ सेकंदांत पोहला आणि आपल्या हीटमध्ये पहिला आला. एकूण क्रमवारीत ४२ वा, त्यामुळे पुढं गेला नाही. पण एक लक्षात घ्या, त्या दिवशी त्याला सतरा वर्षंही पूर्ण झालेली नव्हती. आपल्याकडं त्या वयात पोरं अकरावी-बारावीच्या क्लासला असतात, लातूरला रूम घेऊन.

चोवीस वर्षांनी एक मेडल

आता थोडं मागं जाऊ, म्हणजे पुढचं मेडल किती मोठं होतं ते कळेल.

१९५१ साली दिल्लीत पहिले एशियन गेम्स झाले. त्यात सचिन नाग या बंगाली जलतरणपटूनं १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत जलतरणात भारताला मिळालेलं ते एकमेव सुवर्ण. एकमेव म्हणजे आजपर्यंत एकमेव. त्यानंतर १९८६ साली सोलला खजान सिंग यांनी २०० मीटर बटरफ्लायमध्ये रौप्य आणलं. आणि मग सामसूम. चोवीस वर्षं जलतरणात एकही पदक नाही.

नोव्हेंबर २०१०, चीनमधलं ग्वांगझू. ५० मीटर बटरफ्लाय. वीरधवल २४.३१ सेकंदांत भिंतीला लागला आणि तिसरा आला. कांस्यपदक. १९८६ साली खजान सिंग पोडियमवर उभे होते, तेव्हा वीरधवलचा जन्मही झालेला नव्हता. पुढच्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

यात एक मेख होती. ५० मीटर बटरफ्लाय ही शर्यत एशियन गेम्समध्ये होती, ऑलिंपिकमध्ये नव्हती. ऑलिंपिकमध्ये ५० मीटर फक्त फ्रीस्टाइलला. बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक आणि ब्रेस्टस्ट्रोक यांच्या ५० मीटर शर्यती आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा होणार आहेत. म्हणजे ज्या शर्यतीत तो आशियात तिसरा आला, तिचं दार ऑलिंपिकमध्ये त्याच्या काळात बंदच होतं. त्याला ऑलिंपिक गाठायचं तर फ्रीस्टाइलमधूनच, आणि तिथं तर जगभरातली सगळ्यात वेगवान माणसं.

पण मेडल आलं, आणि महाराष्ट्र सरकारनं त्याला तहसीलदार केलं.

मेडल आणि नोकरी: आपली जुनी पद्धत

हे सरकारनं पहिल्यांदाच केलं असं नाही. आणि त्याला कारणही आहे. ते कारण समजायला खाशाबा जाधवांपर्यंत जावं लागतं.

खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावानं वर्गणी काढली. खाशाबा गेले आणि कुस्तीत कांस्य घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. स्वागताला शंभरावर बैलगाड्या होत्या म्हणतात.

आणि मग? १९५५ साली ते पोलिसात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर.

दुसरं नाव मुरलीकांत पेटकर. 'चंदू चॅम्पियन' पिक्चर तुम्ही पाहिला असेलच. सांगली जिल्ह्यातले, सैन्यात होते, बॉक्सिंग करायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर गेलं. उपचारात पोहणं सुरू झालं आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण. वेळ ३७.३३ सेकंद. पॅरालिंपिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण आणलं एका मराठी पोहणाऱ्यानं. नंतर त्यांनी पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी केली. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. म्हणजे मधे ४६ वर्षं.

या दोन गोष्टी महाराष्ट्राच्या मनात कुठंतरी सलत राहिल्या. खेळाडूनं देशाचं नाव काढायचं आणि म्हातारपणी पेन्शनच्या फायली घेऊन फिरायचं, हे बरोबर नाही, असं सगळ्यांनाच वाटायचं. त्यातून शासनाची धोरणं आली. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आलं, आणि मोठी आंतरराष्ट्रीय कामगिरी केलेल्यांना थेट नियुक्ती. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे आपल्याच मराठवाड्यातला. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, २०१९ च्या जागतिक कुस्तीत कांस्य, आणि आज पोलीस उपअधीक्षक. त्याचे फोटो आपल्या तालमींमध्ये लागलेत.

आता अभ्यासिकेतल्या त्या पोराची बाजूही सांगतो. या आरक्षणाचा गैरफायदा घेणारे निघाले. खेळाच्या बोगस प्रमाणपत्रांवर नोकरी मिळवल्याची प्रकरणं महाराष्ट्रात उघडकीला आली, गुन्हे दाखल झाले. ज्यानं आयुष्यात कधी मैदान बघितलं नाही तो खेळाडू कोट्यातून लागतो, तेव्हा खऱ्या खेळाडूकडंही लोक संशयानं बघायला लागतात. ग्वांगझूच्या मेडलवर तहसीलदार झालेला आणि कागदावर खेळाडू झालेला, दोघं चहाच्या टपरीवर एकाच वाक्यात येतात. चूक टपरीवाल्यांची नाही.

पण तहसीलदार म्हणजे काय?

खरं सांगू का, इथं मी अडकलो. आपण सगळे तहसीलदार व्हायचं स्वप्न बघतो, पण ते काम किती तासांचं आहे याचा विचार करतो का?

सातबाऱ्याचे वाद, रस्त्याचे वाद, अतिवृष्टी झाली की पंचनामे, निवडणूक आली की रात्रंदिवस धावपळ, वाळूची चोरी पकडायची, मोर्चा आला तर निवेदन घ्यायला पुढं यायचं, कार्यकारी दंडाधिकारी म्हणून सह्या. धर्माबादचंच बघा. बाभळी बंधाऱ्यावरनं आंध्रचे नेते इकडं आले होते २०१० साली, तेव्हा साऱ्या महसूल आणि पोलीस यंत्रणेची काय धावपळ झाली ते घरातल्या मोठ्यांना विचारा. तहसीलदाराचा फोन रात्री दोनलाही वाजतो.

आणि दुसरीकडं जलतरणपटूचा दिवस. पहाटे पाण्यात, संध्याकाळी परत पाण्यात, मधे व्यायामशाळा, खाणं आणि झोप. झोप हासुद्धा ट्रेनिंगचा भाग. पोहण्यात एक गोष्ट असते तिला पोहणारे पाण्याचा 'फील' म्हणतात. हाताच्या तळव्याला पाणी किती लागतंय, कुठं पकडायचं, कुठं सोडायचं, याचा अंदाज. काही आठवडे पाण्याबाहेर राहिलं की तो जायला लागतो. कुस्तीतला पैलवान महिनाभर आजारी पडला तर त्याची ताकद कमी होते, पण डाव विसरत नाही. पोहणारा मात्र पाण्याबाहेर राहिला की आधी हीच बारीक जाण हरवून बसतो, आणि शर्यत तर त्या बारीक जाणीवरच ठरते.

वीरधवलची नेमणूक सिंधुदुर्गात मालवणला झाली. तिथं समुद्र आहे, हे खरंय. पण ५० मीटरच्या शर्यतीची तयारी समुद्रात होत नाही. त्याला ब्लॉकवरून उडी लागते, सरळ लेन लागते, भिंत लागते, आणि शतांश सेकंद मोजणारं घड्याळ लागतं.

आता मोठ्या स्पर्धांची यादी बघा. २०१२ लंडन ऑलिंपिक: वीरधवल नाही. २०१४ इंचॉन एशियन गेम्स: वीरधवल नाही. तिथं त्याचा बीजिंगचा सोबती संदीप सेजवाल यानं ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये कांस्य घेतलं. २०१६ रिओ ऑलिंपिक: वीरधवल नाही. एकोणीस ते पंचवीस, म्हणजे स्प्रिंट पोहणाऱ्याची ऐन भरातली वर्षं. त्या काळात तिन्ही मोठ्या स्पर्धांत त्याचं नाव नाही.

मी असं म्हणणार नाही की हे सगळं नोकरीमुळंच झालं. खेळात दुखापत असते, फॉर्म असतो, नशीब असतं. पण ज्या बक्षिसानं त्याच्या पोटापाण्याची सोय केली, त्याच बक्षिसानं त्याचे पाण्यातले तास खाल्ले, एवढं तर कुणालाही दिसतं.

जकार्ता: दोन सेंटीमीटर

२०१७-१८ च्या सुमारास तो पुन्हा पूर्णवेळ पाण्यात उतरला. ऑगस्ट २०१८ ला जकार्तामध्ये एशियन गेम्स होते. वय २६, पुढच्याच आठवड्यात २७ लागणार. स्प्रिंटच्या हिशोबानं परत यायला उशीरच म्हणायचा.

सकाळच्या हीटमध्ये त्यानं ५० मीटर फ्रीस्टाइल २२.४३ सेकंदांत काढली. नवा राष्ट्रीय विक्रम. मोडलेला जुना विक्रमही त्याचाच होता. आठ वर्षांनी परत येऊन त्यानं स्वतःलाच मागं टाकलं.

संध्याकाळी फायनल. सुवर्ण चीनच्या यू हेशिनला, २२.११. रौप्य जपानच्या कात्सुमी नाकामुराला, २२.२०. कांस्य जपानच्याच शुनिची नाकाओला, २२.४६. आणि चौथा वीरधवल खाडे, २२.४७.

एक शतांश सेकंद.

आपण डोळ्याची पापणी लवतो, त्याला या वेळेच्या दहापट तरी वेळ लागतो. त्या वेगानं पोहणारा माणूस एका शतांश सेकंदात किती पुढं जातो, हिशोब करून बघा. ५० मीटर भागिले २२.४७, म्हणजे सेकंदाला साधारण सव्वादोन मीटर. शतांश सेकंदात सव्वादोन सेंटीमीटर. तुमच्या अंगठ्याची रुंदी. पन्नास मीटरच्या शेवटी अंगठाभर अंतर.

आणि सकाळचा टाइम आठवा: २२.४३. तोच टाइम संध्याकाळी आला असता तर कांस्य त्याचं होतं.

इथं जलतरणाच्या इतिहासातली एक जुनी गोष्ट सांगतो. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर मेडलेची फायनल झाली. स्वीडनचा गुन्नर लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी दोघांनाही शतांश सेकंदापर्यंत एकच वेळ लागली. मग घड्याळाचा पुढचा आकडा बघितला. लार्सन ४:३१.९८१, मॅकी ४:३१.९८३. दोन सहस्रांश सेकंदांवर सुवर्ण लार्सनला दिलं. त्यावर चर्चा झाली, कारण एवढ्या बारीक फरकाला अर्थ काय? तलावाच्या सगळ्या लेन मिलिमीटरपर्यंत सारख्या बांधताच येत नाहीत. म्हणून नियम बदलला. आता शतांशापर्यंतच मोजतात, आणि त्यापुढं बरोबरी असेल तर पदक दोघांना.

म्हणजे घड्याळाला जेवढा बारीक फरक धरता येतो, त्यातल्या सगळ्यात छोट्या फरकानं वीरधवलचं मेडल गेलं. याहून कमी फरक असता, तर दोघांनाही कांस्य मिळालं असतं. हे वाचलं तेव्हा मी मोबाइल खाली ठेवला आणि थोडा वेळ तसाच बसलो.

पाठीवर पोहणारी पुढची पिढी

आता तुम्ही म्हणाल, मग दुसरा रस्ता होता का? तर त्यासाठी बॅकस्ट्रोककडं बघू. गेल्या काही वर्षांत भारतीय जलतरणातली दोन मोठी नावं याच प्रकारातली आहेत.

बॅकस्ट्रोक मजेशीर असतो. बाकी तिन्ही प्रकारांत उडी वरून मारतात, यात सुरुवात पाण्यातूनच. आणि पोहणाऱ्याला समोरची भिंत दिसतच नाही. भिंतीच्या पाच मीटर अलीकडं वर पताका बांधलेल्या असतात. त्या दिसल्या की हात मोजायचे आणि अंदाजानं भिंत गाठायची. न बघता, मोजून. हे सराव केल्याशिवाय जमतच नाही.

बंगळूरचा श्रीहरी नटराज २०२१ च्या जूनमध्ये रोमला १०० मीटर बॅकस्ट्रोक ५३.७७ सेकंदांत पोहला. टोकियो ऑलिंपिकचा 'ए' निकष होता ५३.८५. आठ शतांशांनी आत. त्याच स्पर्धेत साजन प्रकाशनं २०० मीटर बटरफ्लायचा 'ए' निकष गाठला होता. भारताच्या इतिहासात हा निकष गाठून थेट पात्र झालेले हे पहिले दोघं. टोकियोत श्रीहरीला ५४.३१ लागले आणि तो पुढच्या फेरीत गेला नाही, पण दार उघडलं गेलं.

दुसरी माना पटेल. मूळची अहमदाबादची, बॅकस्ट्रोकची राष्ट्रीय विजेती. दुखापतीतून उठताना ती सरावाला आली मुंबईला. टोकियोत ती १०० मीटर बॅकस्ट्रोक पोहली, वेळ १ मिनिट ५.२० सेकंद.

ही दोघं आणि वीरधवल यांच्यात गुणांचा फरक नाही. फरक काळाचा आहे. खेळाडू घडत असतानाच त्याचा खर्च उचलणारी 'टॉप्स' ही केंद्राची योजना सुरू झाली २०१४ साली. खासगी प्रतिष्ठानं प्रशिक्षक, तलाव, फिजिओ यांचा खर्च करायला लागली. मेडलच्या आधी पैसा. वीरधवलला जे मिळालं ते मेडलच्या नंतर. एकाला पोहत राहायला मदत मिळते, दुसऱ्याला पोहून झाल्यावर शाबासकी. दोन्हींत सरकारचा पैसा जातो, पण परिणाम किती वेगळा.

शेवटची शर्यत

जकार्तानंतरही तो थांबला नाही. सप्टेंबर २०१९ ला बंगळूरच्या आशियाई वयोगट स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण, २२.५९. टोकियोचा 'ए' निकष होता २२.०१. अर्ध्या सेकंदाहून जास्त अंतर. ५० मीटरमध्ये अर्धा सेकंद म्हणजे एक मीटरहून लांब असतं, हे आता तुम्हाला कळतंय.

आणि मग मार्च २०२०. कोरोना. तलाव बंद. मैदानावरचे खेळाडू रस्त्यावर, गच्चीवर पळू शकत होते, पैलवान घरात जोर मारू शकत होते. पोहणारे काय करणार? जूनमध्ये वीरधवलनं जाहीरपणे सांगितलं की, तलाव उघडले नाहीत तर आपल्याला निवृत्तीचा विचार करावा लागेल. देशातल्या सगळ्यात वेगवान जलतरणपटूला असं बोलावं लागलं.

त्यानंतरही तो पोहत राहिला. नोव्हेंबर २०२३, गोव्यात राष्ट्रीय स्पर्धा. महाराष्ट्राकडून ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण त्यानं घेतलं. त्याच दिवशी महिलांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेतलं त्याच्या बायकोनं, ऋजुता खाडेनं. आणि तिथंच त्यानं जाहीर केलं की, बस, आता स्पर्धा संपल्या. वय ३२. बीजिंगपासून पंधरा वर्षं. शेवटच्या शर्यतीतही पहिला.

तर मग, त्या पोराला काय सांगायचं?

परवा पुन्हा त्या अभ्यासिकेत गेलो. त्याला सगळं सांगितलं. आकडे दाखवले. तो २२.४६ आणि २२.४७ कडं बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आमचं बी एका मार्कानं गेलतं दादा, मागच्या वेळी."

मला ते माहीतच नव्हतं.

मी त्याला म्हणालो, तुझा राग चुकीचा नाही. जागा कमी आहेत आणि बोगस प्रमाणपत्रवाल्यांनी त्यातल्या खाल्ल्या आहेत, त्यावर बोललंच पाहिजे. पण वीरधवलला तुझी खुर्ची मिळाली असं समजू नको. तो आशियात तिसरा आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्या वयात त्याला लागत होता चांगला तलाव, प्रशिक्षक, पुढची सहा-आठ वर्षं नुसतं पोहायची मोकळीक, आणि ते संपल्यावर नोकरीची हमी. आपण त्याला शेवटची गोष्ट आधी दिली.

नोकरी देऊ नका असं मी म्हणत नाही. खाशाबांचं काय झालं ते आपण बघितलंय, नोकरी पाहिजेच. पण नेमणूक तलाव असलेल्या शहरात करता येते. स्पर्धेच्या वर्षात पूर्ण पगारी रजा देता येते. खेळणं संपेपर्यंत प्रत्यक्ष कामाचा भार थांबवता येतो. रेल्वे आणि सैन्यदल खेळाडूंना सांभाळतात ते थोड्याफार फरकानं असंच. आपल्या आष्टीचा अविनाश साबळे सैन्यात राहूनच ऑलिंपिकला पळाला. यासाठी नवा कायदा लागत नाही, फाइलवर एक ओळ लिहायची तयारी लागते.

पोरगा म्हणाला, "म्हणजे मी तहसीलदार झालो तर एखाद्या खेळाडूची रजा अडवायची नाही, असंच ना?"

हौ, असंच.

तो हसला आणि आत गेला. त्याची पूर्वपरीक्षा जवळ आलीय.

जाता जाता एक विनंती. उन्हाळ्यात लेकरं गोदावरीत पोहायला जातात. वाळू उपसून पात्रात जागोजागी खोल डोह झालेत आणि वरून ते दिसत नाहीत. पोहायला येत असेल तरी एकट्यानं उतरू नका. आणि धाकट्यांना शिकवायचं असेल, तर आधी उताणं तरंगायला शिकवा. दमल्यावर तोंड वर ठेवून श्वास घेता आला की मदत येईपर्यंत जीव वाचतो. बॅकस्ट्रोकचा आपल्याला एवढा उपयोग झाला तरी खूप.

पुढच्या भागात बाभळी बंधाऱ्याची गोष्ट, पाणी कुणाचं आणि दारं कधी उघडायची, सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेली. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा, आणि हा भाग तुमच्या अभ्यासिकेच्या ग्रुपवर टाका. भेटू!